सुमो
सुमो : जपानमधील पारंपरिक मल्लयुद्धाचा एक प्रकार. शिंतो धर्मविधींशी त्याचा निकटचा संबंध असून लढतीपूर्वी वरिष्ठ मल्ल शुद्धीसाठी आखाड्यात मीठ उधळतात. ४·५५ मी. व्यासाच्या वर्तुळाबाहेर गेलेला अथवा तळपायांव्यतिरिक्त शरीराचा कोणताही भाग जमिनीस टेकलेला मल्ल पराभूत ठरतो. व्यावसायिक सुमोत वजनी गट नसतात. १९५८ पासून वर्षास सामान्यतः सहा मुख्य स्पर्धा होतात. त्यांतील जयपराजयांवरून मल्लांची श्रेणी ठरते. नियमित वेतन फक्त वरच्या दोन विभागांतील मल्लांना मिळते. सातत्याने हरणाऱ्या मल्लाची पदावनती होते. ‘योकोझुना’ या सर्वोच्च श्रेणीच्या मल्लाची मात्र कधीच होत नाही. त्यामुळे कामगिरी खालावल्यास त्याने निवृत्त व्हावे, असा संकेत आहे. हवाईत जन्मलेला आकेबोनो हा १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला.