माठातील इन्सुलिन

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावी वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि वीज गेल्याने फ्रिज बंद पडतो, तेव्हा पहिल्या प्रकारचा मधुमेह जडलेल्या बालकाच्या मातेस इन्सुलिनच्या कुपीची तजवीज करावी लागते; कारण हे प्रथिन असून त्याच्या रेणूंची घडी, उकडत्या अंड्यातील पांढऱ्या बलकाप्रमाणे, उष्णतेने विस्कटते. अशा वेळी मला माठाचाच भरवसा वाटतो. सच्छिद्र मातीतून पाझरलेले पाणी बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते. म्हणून एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून, आतल्या मडक्यात कोरड्या डबीत कुपी ठेवावी. वापरातील कुपी साधारणतः २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. न उघडलेलीस मात्र २ ते ८ अंशच हवेत. बर्फात ती कदापि ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. पावसाळ्यातील दमट हवेत माठाचा हा गुण मंदावतो.