काही घडत नाही, तरीही

म्हातारपणावरची एखादी संथ कादंबरी घरात या हातातून त्या हातात फिरली, की दोन तऱ्हेचे अभिप्राय ऐकू येतात. तिशीतला वाचक म्हणतो, ‘चांगली आहे, पण तीत काही घडतच नाही.’ सत्तरीतला वाचक पुस्तकाविषयी फारसं बोलतच नाही. तो बोलू लागतो गावाकडच्या पडलेल्या घराविषयी, वारलेल्या थोरल्या बहिणीविषयी. पुस्तक एकच, मग असं का व्हावं?

निर्मल वर्मा यांची ‘अंतिम अरण्य’ ही हिंदी कादंबरी २००० साली आली. डोंगरातल्या एका गावात मेहरासाहेब नावाचे निवृत्त अधिकारी राहतात. पत्नी गेलेली. सोबतीला आलेला निवेदक त्यांच्या आठवणी टिपून ठेवतो. कथानक म्हणाल तर एवढंच. ‘पुढे काय होणार?’ या उत्सुकतेने वाचणाऱ्याला इथे काही सापडत नाही; कारण म्हातारपणी घडायचं ते बरंचसं मागे घडून गेलेलं असतं. आता घडते ती आठवण.

आणि आठवणीलाही आपली एक चाल असते. साठी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वयांच्या मानाने फार जास्त निघतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे. शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, नवं बिऱ्हाड हे सारं त्याच काळातलं. तेव्हा आजोबा तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात, तो केवळ हट्ट नसतो.

आमच्या कसाऱ्याचं उदाहरण देतो. इगतपुरीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. संथ कादंबरीचंही तसंच. मागून जोर लावायचा तो वाचकाने, स्वतःच्या आठवणींचा. सत्तरीतल्या माणसाजवळ तो साठा मोठा असतो, एवढाच फरक.

तिसरी प्रतिक्रिया मात्र थोडी बोचरी असते. जयवंत दळवी यांचं ‘संध्याछाया’ हे नाटक १९७०च्या दशकात रंगभूमीवर आलं. नाना आणि नानी एकटे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. असं काही वाचलं-पाहिलं, की मुलांच्या पिढीला वाटतं, आपल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. हे वाटणं खोटं म्हणता येणार नाही. पहाटेची लोकल धरून सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारा कसाऱ्याचा मुलगा, मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठणारी सून, ही माणसं अमेरिकेत नाहीत. एकाच घरात राहतात. पण रात्री परतल्यावर ऐकून घ्यायला अंगात त्राण उरत नाही. दोष कुणाचा, हे ठरवणं सोपं नाही.

आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. मुलं सांभाळत नसतील, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून निर्वाह भत्ता मागता येतो. गरजेचाच कायदा आहे तो. पण ‘माझं जरा ऐक’ एवढंच ज्यांचं मागणं आहे, त्यांनी अर्ज कुठे करायचा?

इथे अशी कादंबरी उपयोगी पडते. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असं वडिलांना समोर बसून विचारणं आपल्याला जमत नाही. विचारलं तरी ‘छे, मला काय धाड भरलीय’ असंच उत्तर येतं. पुस्तकातल्या म्हाताऱ्याविषयी मात्र ते मोकळेपणाने बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःविषयी सांगून जातात. म्हणून असं पुस्तक घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर द्या. डोळे साथ देत नसतील, तर रविवारी चार पानं वाचून दाखवा. झाल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. विचारा, ‘वाचताना तुम्हाला कोण आठवलं?’