आजीच्या पेटीतील राणीछाप

चेंबूरजवळच्या माहुल गावात एकीकडे तेलशुद्धीकरण कारखाने आणि दुसरीकडे खाडीकाठचा जुना कोळीवाडा आहे. अशा वस्तीतील घराची वाटणी किंवा दुरुस्ती निघाली, की आजीच्या पेटीतून फडक्यात बांधलेले राणीछाप रुपये बाहेर येतात. मग ते चिंच लावून लखलखीत घासले जातात आणि सराफाकडे वजनावर मोडले जातात. यातील घासणे अधिक घातक होय. नाण्यावर काळाने चढलेला काळसर थर आणि ठशाची बारीक नक्षी यांनाच संग्राहक पैसे मोजतो. ती एकदा गेली की परत येत नाही.

नाणे जितके जुने तितके मौल्यवान, हा समज खरा नाही. व्हिक्टोरिया राणी आणि सातवा एडवर्ड यांचे रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले. त्यामुळे बहुतेकांची किंमत चांदीच्या आसपासच राहते. एका रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. हा हिशेब ठाऊक नसला, तर सगळी नाणी एकाच तराजूत जातात.

अपवाद मात्र मोलाचे असतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातील पदकमाळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. बहुतेक नाणी परत घेऊन वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड सुधारली गेली. मुंबई टांकसाळीचा १९३९ चा चांदीचा रुपयाही दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. १८६२ या सालाचा रुपया पुढे बारा वर्षे तेच साल घालून पाडला जात होता; त्यातील काही प्रकार केवळ ठिपक्यांवरून ओळखावे लागतात. तेव्हा साल वाचून थांबू नये, भिंगातून नाण्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल, तर तो मुंबईचा.

माळेत ओवण्यासाठी कडी डागलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बरेच उतरते. घरच्यांना ते अर्थातच अधिक प्रिय असू शकते. राम-सीता किंवा हनुमान असलेले, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले तांब्याचे ‘नाणे’ मात्र कंपनीने कधीच पाडलेले नाही. त्यासाठी लाखोंची बोली सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली आधी कर किंवा कमिशन मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. असे व्यवहार बँक करीत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशातील नातलगाकडे पाठवण्यासही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे.