कल्हईचे भांडे आणि कारखान्याची नळी

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आंबट पदार्थातील आम्लामुळे पितळेतील तांबे विरघळते आणि ताकाची चव बिघडते. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि वितळलेल्या कथलाचा पातळ हात फिरवतो. कथलाच्या त्या थरामुळे ताक आणि पितळ यांची गाठच पडत नाही. मग जिथे हजारो नळ्यांतून रस उकळत असतो, तिथेही असाच एखादा मुलामा देऊन काम भागेल का?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ साली झाला. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले. उसाच्या रसात विरघळलेला भाग साधारण १५ टक्के असतो. त्याचा ६० टक्क्यांचा पाक करायचा, तर १०० किलो रसातून ७५ किलो पाणी उडवावे लागते. हे काम बाष्पकात चालते. उभ्या नळ्यांच्या आत रस उकळतो आणि बाहेरून वाफ उष्णता देते. अशा साधनाला उष्णता विनिमयक म्हणतात.

दोन शत्रू

नळीचा पहिला शत्रू म्हणजे क्षरण, अर्थात धातू झिजणे. पूर्वी या नळ्या बहुधा पितळेच्या असत. रसातून निघणारा थोडा अमोनिया वाफेबरोबर पुढच्या भांड्यातील नळ्यांच्या बाहेरच्या बाजूस पोचतो. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया जास्त घातला की गडद निळा रंग येतो, हा प्रयोग आपण शाळेत करतो. त्याच प्रक्रियेने हवेच्या संपर्कात पितळही हळूहळू खाल्ले जाते.

दुसरा शत्रू म्हणजे थर. रस आटतो तसे त्यातील क्षार नळीच्या आतल्या भिंतीवर बसतात. सुरुवातीच्या भांड्यांत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, तर शेवटच्या भांड्यांत सिलिका, सल्फेट आणि ऑक्झॅलेट सापडतात. घरात पाणी तापवण्याच्या भांड्याला बसणारे पांढरे किटण याच जातीचे.

थर किती महाग पडतो, याचा ठोकळ हिशेब करू. पितळेची उष्णतावाहकता सुमारे ११०, स्टेनलेस स्टीलची सुमारे १६ आणि अशा थराची जेमतेम १ धरू (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). म्हणजे १ मिलिमीटर थर उष्णतेला ११० मिलिमीटर पितळेइतका अडवतो! स्वच्छ नळीत वाफ, धातू आणि रस यांचा मिळून जेवढा विरोध असतो, जवळपास तेवढाच विरोध अर्धा मिलिमीटर थर एकटा करतो. म्हणजे उष्णतेचा ओघ निम्म्यावर येतो. मग वाफ जास्त लागते, चिपाड जास्त जळते आणि अखेर गाळप थांबवून नळ्या साफ कराव्या लागतात. त्यासाठी आधी कॉस्टिक सोड्याचे द्रावण उकळतात; मग भांडे थंड झाल्यावर कामगार आत उतरून एकेक नळी ब्रशने घासतात.

मुलामा कोणता?

बादलीप्रमाणे लोखंडी नळीला जस्ताचा मुलामा द्यावा, असे एखादा विद्यार्थी सुचवील. थंड पाण्यात ते बरोबर आहे. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखडा पडला तरी ते स्वतः झिजते आणि लोखंड वाचते. परंतु सुमारे ६० अंशांच्या वर काही पाण्यांत ही नाती उलटतात आणि लोखंडच झिजू लागते. कथलाचे वागणे तर थंड पाण्यातही वेगळे. लोखंडावरील कथलाला ओरखडा पडला की उघडे लोखंड अधिकच वेगाने गंजते.

शिवाय एका शत्रूला हरवले म्हणजे दुसरा हरतोच असे नाही. १८२४ साली हंफ्री डेव्हीने जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याचे क्षरण थांबवले. पण विरघळणारे तांबेच शिंपल्यांना व शेवाळाला दूर ठेवत होते. ते विरघळेनासे झाल्यावर जहाजांचे तळ जीवांनी भरून गेले!

आज अनेक कारखान्यांत स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आहेत. त्यातील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचा थर स्वतःच तयार करते आणि ओरखडा पडला की तो पुन्हा भरून येतो. हा मुलामा उष्णता अडवत नाही. पण स्टीलची वाहकता पितळेच्या एक-सप्तमांश, त्याचे काय? १.२ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या भिंतीचा विरोध केसाच्या जाडीच्या, म्हणजे सुमारे ०.०७५ मिलिमीटर, थराइतकाच असतो. नळी स्वच्छ राखली तर हा तोटा सहज भरून निघतो. मात्र क्लोराइडपुढे हे कवच फुटते आणि सुईच्या टोकासारखी भोके पडतात. म्हणून अशा नळ्या साफ करताना हायड्रोक्लोरिक आम्ल टाळावे लागते.

इतर उद्योगांत निकेल-फॉस्फरसचा मुलामाही वापरतात. तो विजेशिवाय, केवळ रासायनिक क्रियेने बसतो. त्यामुळे लांब नळीच्या आतही त्याची जाडी सारखी राहते. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थर सहज चिकटत नाही. पण मुलाम्यात बारीक छिद्र राहिले, तर सगळा हल्ला त्या एका बिंदूवर होतो.

वर्गात करून पाहा

लोखंडाचे तीन स्वच्छ खिळे घ्या. एकाला तांब्याची तार, दुसऱ्याला जस्ताचा मुलामा असलेली तार घट्ट गुंडाळा. तिसरा तसाच ठेवा. तिन्ही वेगवेगळ्या ग्लासांत मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा. तांब्याच्या सोबतीतला खिळा सर्वांत जास्त गंजेल, जस्ताच्या सोबतीतला सर्वांत कमी.

मग विद्यार्थ्यांना विचारा, पितळेच्या पातेल्याची कल्हई एके ठिकाणी उडाली तर तिथले पितळ झपाट्याने झिजेल का? कथील तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे, एवढी सूचना पुरे. उत्तर त्यांनाच शोधू द्या.