घरबसल्या संगणकाचे शिक्षण : खरे किती, खोटे किती



या अंकात खोडव्याच्या निगेविषयी लिहावयाचे ठरविले होते. परंतु ऊस नोंदीसाठी कौंडण्यपूर भागात फिरत असताना एकाच आठवड्यात तिघा सभासदांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, म्हणून खोडवा पुढील अंकावर टाकला आहे. प्रश्न असा : "साहेब, कॉम्प्युटरची डिग्री घरी बसल्या मोबाईलवर भेटते म्हनते. खरं हाय, का पैसे बुडवाचा धंदा हाय?"

यांपैकी एका सभासदाची मुलगी बारावी पास झाली आहे. अमरावतीस खोली करून ठेवणे त्यांना झेपत नाही. मुलीच्या फोनवर कोणा मध्यस्थाने अमेरिकेतील 'असोसिएट डिग्री'ची जाहिरात धाडली आणि जागा राखायची तर दोन दिवसांत पैसे भरा, असा तगादा लावला. कापसाचे पैसे नुकतेच घरात आले होते. ते भरण्यापूर्वी त्यांनी आम्हांला हाक मारली, हे फार बरे झाले.

तर उत्तर असे की घरबसल्या पदवी मिळते हे खरे आहे, आणि धंदा चालतो हेही खरे आहे.

'असोसिएट डिग्री' ही अमेरिकेतील दोन वर्षांची पदवी होय. तेथील कम्युनिटी कॉलेजात ती साधारण ६० क्रेडिटची असते आणि पुढे विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षे करता येतात. तेथे राहणाऱ्याला ती उपयोगाची. आपल्याकडे मात्र या नावाची पदवी रूढ नाही. तिच्या जवळचा प्रकार म्हणजे दोन वर्षांची पदविका. परदेशी कागद येथील नोकरीस किंवा पुढील प्रवेशास चालेल की नाही, हे जेथे तो दाखवायचा तेथूनच आधी लेखी विचारून घ्यावे. मध्यस्थाच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

आता विषयाकडे येऊ. 'संगणक माहिती प्रणाली' हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की यंत्र उघडून दुरुस्त करण्याचे शिक्षण असावे. तसे नाही. कोणती माहिती गोळा करायची, ती कशी मांडायची, आणि ज्याला हवी त्याला वेळेवर कशी मिळेल, याचे हे शास्त्र आहे. आमच्या शेतकी खात्याचे सारे काम तेच आहे हो! सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख; त्यावरून तोडणीचा कार्यक्रम; तोडणीवरून काटापावती; पावतीवरून बिल. ही साखळी म्हणजेच माहिती प्रणाली. मग ती वहीत असो की संगणकात.

एक अनुभव लपवून ठेवण्यात अर्थ नाही. काही हंगामांपूर्वी आमच्याच खात्यात एका गावातील सारख्या नावाच्या दोन सभासदांच्या लागण तारखा एकमेकांच्या नावावर चढल्या. ज्याचा ऊस जानेवारीत तुटायचा, त्याचा मार्चपर्यंत वावरात उभा राहिला आणि वजन घटले. चूक आमची, नुकसान त्याचे. हा विषय शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षीच सांगतात की माणसाची ओळख नावावर ठेवू नये. प्रत्येकास एक वेगळा क्रमांक द्यावा, नाव-गाव एकाच तक्त्यात एकदाच लिहावे आणि बाकीच्या तक्त्यांत फक्त तो क्रमांक फिरवावा. सभासद क्रमांक आपल्याकडे होताच, पण वहीत तारीख चढविताना तो पाहिला गेला नाही. हे नीट न बांधता नुसता संगणक आणला असता, तर तीच चूक अधिक वेगाने झाली असती.

याचा दाखला सहकारातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य शासनाने वारणेच्या सहकारी संस्थांबरोबर सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक बसले, ऊस उत्पादकाला वजनाची व बिलाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथे सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच माहिती दिली. संगणकावरची सर्व कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक पसंत पडली. म्हणजे यंत्र बदलले तरी चालते, शेतकऱ्याला काय जाणून घ्यायचे आहे हे ओळखणारा माणूस लागतो. आपल्या राज्यात २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदीसाठी मोबाईल अॅप आणले. अशी कामे वाढणारच आहेत, आणि ती करणाऱ्याला लागण व खोडवा यांतला फरक माहीत असला तर सोन्याहून पिवळे.

शिकायचे कोठे? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली. बी.सी.ए. ही संगणकाची तीन वर्षांची पदवी बारावीनंतर इंदिरा गांधी विद्यापीठातून करता येते, आणि ती पुरी करण्यास सहा वर्षांपर्यंत मुदत असते. शेतीकाम सांभाळून शिकणाऱ्याला ही सवलत मोठी आहे. गणितात हुशार असलेल्या मुलामुलींसाठी मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली डेटा सायन्सचा अभ्यासक्रम काढला. त्याला जे.ई.ई. लागत नाही, तिची स्वतःची पात्रता परीक्षा असते. धडे घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी मधेच बाहेर पडण्याची सोय धरली आहे. मिळविलेली क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात, जशी आपली ठेव कारखान्यात नावावर राहते तशी. ही सोय आपण घेत असलेल्या अभ्यासक्रमाला लागू आहे काय, हे माहितीपत्रकात पाहावे.

मान्यतेबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम आहेत. मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाईन पदवी नेहमीच्या कॉलेजातील पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण अभियांत्रिकीची पदवी या मार्गाने मिळत नाही. कोणी घरबसल्या बी.टेक. देतो म्हणाला की तेथेच उठावे. प्रवेश देण्याचे काम फ्रँचाईजीला देण्यासही या नियमांत मनाई आहे. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, त्याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. २०२४ पासून विद्यार्थ्याने तेथे स्वतःचा डी.ई.बी. क्रमांक काढावा लागतो. जो मध्यस्थ या क्रमांकाचे नाव घेत नाही आणि कर्जाच्या हप्त्यांचे कागद मात्र पुढे करतो, त्याच्यापासून दूर राहावे. आणि एम.एस.-सी.आय.टी. झाली म्हणजे संगणकाची डिग्री झाली, हाही एक गोड गैरसमज आहे. ती संगणकाची ओळख होय.

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. व्याख्यान मोबाईलवर ऐकता येते, पण प्रोग्राम लिहायला कळफलक लागतो. जुना का होईना, संगणक घ्यावा लागेल. पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात. भारनियमन तर आहेच. आणि घरी बसून शिकणाऱ्या पोरीला घरचे लोक रिकामी समजतात, सतत काम सांगतात. आमच्या मते सर्वांत जास्त विद्यार्थी येथेच गळतात. रुक्मिणीने कौंडण्यपुराहून द्वारकेला पत्र धाडले तेव्हा तिलाही कोणी निवांत लिहू दिले नसेल!

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चाचणी घ्यावी. शासनाच्या 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या योजनेतील अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात. एक पुरा करून पाहावा, जमले तर पुढे जावे. वर सांगितलेल्या मुलीने असाच एक धरला आहे. सरावासाठी ती वडिलांच्या मागील पाच हंगामांच्या काटापावत्या तक्त्यात मांडते आहे. त्यांतील दोन पावत्यांचे वजन बिलाशी जुळत नाही असे तिने आम्हांला दाखविले. ते आम्ही तपासून घेत आहोत.

ज्या सभासदांच्या घरी अशी जाहिरात वा प्रवेशाचा कागद आला असेल त्यांनी तो सोमवारी सकाळी गट कार्यालयात आणावा. यादीत नाव आहे की नाही ते समोरच पाहून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी