मांडीवरची आच

लॅपटॉपचा पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत जी धूळ साचते ती भुकटी राहत नाही. तिचा नमदा होतो आणि चिमट्याने धरला की अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या टेबलावर काकांनी असा एक नमदा कागदावर काढून माझ्यापुढे सरकवला. करडा, बोटभर लांब. त्यात गोधडीचे धागे, दोनतीन केस, उदबत्तीची काजळी आणि हे सगळं धरून ठेवणारा फोडणीचा तेलकटपणा. "हा बेडवर वापरलेला," ते म्हणाले. "ऑफिसातला असता तर कोरडी धूळ निघाली असती."

उन्हाळी अंकासाठी संपादकांनी दिलेला प्रश्न एका ओळीचा होता: काहीही बिघाड नसताना लॅपटॉपने माणूस भाजतो का? बॅटऱ्यांच्या आगी त्यांनी मुद्दाम वगळायला सांगितल्या. ती गोष्ट जगजाहीर आहे. २००६ साली डेलने सोनीच्या बनावटीच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या तेव्हा पेट घेतलेल्या लॅपटॉपचे फोटो जगभर फिरले होते. आपला विषय त्यापेक्षा गुपचूप चालणारा आहे. यंत्र नीट चालतंय, पंखा फिरतोय, माणूस कामात गुंग आहे, आणि त्वचा मात्र हळूहळू शिजतेय.

इतिहासात फार रेंगाळण्याचं कारण नाही, पण एक यंत्र सांगायलाच हवं. १९८२ साली आलेला, बिल मॉगरिज यांनी आखलेला ग्रिड कंपास हा आजच्यासारखा मिटणारा पहिला संगणक मानतात. त्याचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं आणि आतली उष्णता त्या कवचातूनच बाहेर पडायची. पुढे नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला तेव्हा त्याला पंखा जोडावा लागला, कारण वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढतच नाही, यंत्राभोवतीच घुटमळते. अंतराळवीरांची ही अडचण गादीवर लॅपटॉप ठेवणाऱ्या कॉलेजच्या पोराला पुण्यात बसूनही अनुभवता येते. तळाची झरोक्यांची जाळी चादरीने बुजली की पंखा नुसता ओरडतो, हवा मात्र जागची हलत नाही.

काका आधी टीव्ही दुरुस्त करायचे. पिक्चर ट्यूब गेल्या तसे ते लॅपटॉपकडे वळले. तळाचे स्क्रू ते चुंबकाच्या पट्टीवर ज्या जागचे त्या जागी मांडतात. चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी कंपनीने १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवायचे उलट्या क्रमाने, आवळायचे सुलट्या. घाईत एकच कोपरा आवळला तर चिपची काच कोपऱ्यावर उडते. मग हीटसिंक उचकटायचा नाही, किंचित पिरगाळून सोडवायचा. त्याखालची, उष्णता पोचवणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की चिप आरशासारखी दिसते. पंख्यात ब्लोअर मारताना ते एका बोटाने पाती धरून ठेवतात. मोकळा सोडला तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खातो. आणि ब्लोअर बाहेरून मारणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग आहे. "जाळीतून आत फुंकतात. नमदा निघत नाही, मागे सरकतो. गिऱ्हाईक खूश, दोन दिवस."

मला खिळवून ठेवलं ते मात्र हीटसिंकवरच्या चपट्या तांब्याच्या नळीने. दिसायला ती नुसती पट्टी. आत ती पोकळ आहे, तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे आणि अगदी थोडं पाणी घालून दोन्ही तोंडं कायमची बंद केलेली आहेत. हवाच नसल्यामुळे ते पाणी उकळायला १०० अंश लागत नाहीत, कोमट तापमानालाच त्याची वाफ होते. चिपकडच्या टोकाला वाफ झाली की ती थंड टोकाकडे धावते, तिथे पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि समईची वात तेल ओढते तसं नळीच्या आतल्या भिंतीवरचं सच्छिद्र तांबं ते पाणी मागे ओढून आणतं. ना मोटर, ना झडप, ना आवाज. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली तेव्हा डोळ्यांसमोर अंतराळयानं होती. लॅपटॉपमध्ये ती १९९०च्या दशकात शिरली आणि मग बाहेर पडलीच नाही.

ही नळी मरते कशी, हे कळायला काकांनी किटलीत पाणी उकळलं. एक जुना हीटसिंक घेऊन त्याचं चिपकडचं टोक पाण्यात बुडवलं आणि पात्यांकडचं माझ्या हातात दिलं. धरून काय होतंय हे मनात यायच्या आतच सोडून द्यावं लागलं, इतक्या झपाट्याने चटका पोचला. मग दुसरा हीटसिंक. तसाच, त्याच मापाचा, चकचकीत. तो मी आरामात धरून उभी राहिले. टोक हळूहळू कोमट होत गेलं, बस्स. कुणीतरी उघडताना नळी वाकवली होती, कुठेतरी केसाएवढी चीर पडून आत हवा शिरली होती. आता ती नुसती तांब्याची पट्टी उरली होती. अशा लॅपटॉपचा पंखा साफ करा, महागातली पेस्ट लावा, तापणं थांबत नाही, आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही. किटलीची ही परीक्षा न घेता बोर्ड खराब आहे म्हणून सांगणारे दुकानदार कमी नसावेत.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसतो. चिप स्वतःला वाचवते. आतलं तापमान साधारण १०० अंशांजवळ गेलं की ती आपला वेग कमी करते, तरी भागलं नाही तर यंत्र बंद करते. पण मांडीला वाचवणं हे वेगळं काम आहे. चिप ९० अंशांवर सुखात असते, तुमची त्वचा ५० वरही सुखात नसते. म्हणून कंपन्या कवचाजवळ निराळे सेन्सर बसवतात आणि कवच किती तापू द्यायचं ते सॉफ्टवेअरने ठरवतात. हे चुकलं तर काय होतं ते २०१० मध्ये दिसलं. सोनीच्या व्हायो मालिकेतल्या ५ लाखांहून जास्त लॅपटॉपमध्ये तापमान सांभाळणाऱ्या व्यवस्थेतच दोष निघाला. कवच वाकावं इतकं तापत होतं आणि भाजण्याचा धोका होता. त्यावरचा उपाय म्हणून ना पंखा बदलला, ना नळी. फर्मवेअरचं अपडेट दिलं.

त्वचा किती सोसते याचं उत्तर १९४७ सालचं आहे. हार्वर्डच्या मोरित्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि काही स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग करून तापमान आणि वेळ यांचा हिशेब मांडला. ४४ अंशांना भाजायला सुमारे ६ तास लागतात. तिथून ५१ पर्यंत दर एका अंशाला ही मुदत साधारण निम्मी होत जाते. ६० अंशांना काही सेकंद पुरे. म्हणजे नुसतं 'किती गरम?' विचारून भागत नाही, 'किती वेळ?' हेही विचारावं लागतं. चटका बसला की हात आपोआप मागे येतो. ४५-४६ अंशांची ऊब मात्र हिवाळ्यात हवीहवीशी वाटते, आणि धोका तिथेच आहे.

आजची सुरक्षा मानकं याच हिशेबावर उभी आहेत. आयईसी ६२३६८-१ या आंतरराष्ट्रीय मानकात एक मिनिटापेक्षा जास्त वेळ धरायच्या भागाला ४८ अंशांची मर्यादा आहे, मग तो कशाचाही असो. १० सेकंद ते एक मिनिट स्पर्श होणार असेल तर धातूला ५१ आणि प्लास्टिकला ६०. एक ते १० सेकंदांच्या ओझरत्या स्पर्शाला धातूला ६० आणि प्लास्टिकला ७७. धातू उष्णता भराभर हातात ओततो, प्लास्टिक कंजुषी करतं, म्हणून हा फरक. आता गंमत पाहा. लॅपटॉपचा तळ यातल्या कुठल्या खान्यात बसतो? सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यंत्र थेट मांडीवर ठेवू नये, कठीण सपाट पृष्ठभागावर ठेवावं. ते लिहिलं की तळाला 'कधीमधी हात लागणारा भाग' म्हणता येतं आणि सैल मर्यादा मिळते. मांडीचं नाव घेऊन विकलेल्या वस्तूची ही अवस्था आहे, आणि मला ती पळवाट वाटते.

मोजायला मी काकांकडची तापमानाची बंदूक मागितली. ॲल्युमिनियमच्या तळावर रोखली तर आकडा आला ३४. हाताला मात्र चांगलंच पोळत होतं. काका हसले, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा तळावर चिकटवला, क्षणभर थांबले आणि टेपवर बंदूक धरली. ४९. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांनी फारशी बाहेर टाकत नाही, उलट खोलीचंच प्रतिबिंब दाखवतो, त्यामुळे बंदूक फसते. घरोघरी अशा बंदुकीने मोजून निर्धास्त झालेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

वैद्यकातली नोंद तशी लहान पण बोलकी आहे. २००२ साली 'द लॅन्सेट'मध्ये एका पत्रातून ५० वर्षांच्या शास्त्रज्ञाची हकिकत आली. घरी आरामखुर्चीत बसून तासभर अहवाल लिहिला, अंगात पँट होती, ऊब जाणवत होती. दुसऱ्या दिवशी नाजूक जागी फोड. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या मुलाची मांडी दाखवली. रोज कित्येक तास मांडीवर लॅपटॉप घेऊन तो खेळायचा, महिनोन्‌महिने. यंत्राची डावी बाजू जास्त तापते हे त्याला कळत होतं, तरी जागा बदलली नाही. डाव्याच मांडीवर तपकिरी जाळी उमटली. तिथे तापमान भाजण्याइतकं कधीच गेलेलं नसतं, नुसती आच रोजची असते. काश्मीरमध्ये फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी घेणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर हीच जाळी डॉक्टरांनी १९व्या शतकापासून पाहिली आहे, आणि वर्षानुवर्षांच्या आचेनंतर क्वचित तिथे कर्करोगही. लॅपटॉपचा डाग बहुतेकदा कारण दूर केलं की फिका पडत जातो. तरीही ज्यांच्या त्वचेला कळतच नाही त्यांचं काय? पाठीच्या कण्याला इजा झालेला माणूस, मधुमेहामुळे पावलांपासून वर चढणारा बधिरपणा असलेला माणूस, झोपेची गोळी घेऊन सिनेमा पाहता पाहता डोळा लागलेला माणूस. 'गरम झालं की बाजूला ठेवाल' हे गृहीतक तिथे लागूच होत नाही.

दुसरं गृहीतक खोलीचं. स्पर्शाच्या तापमानाची चाचणी साधारण २५ अंशांच्या खोलीत होते. तिथे तळ ४५ अंशांचा भरला म्हणजे तो खोलीपेक्षा २० अंशांनी वर आहे. आता तो अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात न्या. बाहेर ४५, कूलर चालू असूनही खोलीत ३८. तेच काम, तीच नळी, तोच पंखा. सरळ बेरीज केली तर तळ ५८ वर जातो. प्रत्यक्षात चिप वेग कमी करून काही अंश वाचवते, पण दिशा तीच. वर तो नमदा धरा. चाचणीला जाणारं यंत्र नवंकोरं असतं, जाळी स्वच्छ, पेस्ट ओली. तीन उन्हाळे झालेला लॅपटॉप कुणी प्रयोगशाळेत नेत नाही.

आणि यंत्रं पातळ होत चालली आहेत. पातळ म्हणजे पंखा लहान, पाती बुटकी, कवच धातूचं. कवचालाच हीटसिंक करायचं ही ग्रिड कंपासची युक्ती परत आलीय, फक्त आता ते कवच टेबलाऐवजी मांडीवर असतं. पंखा शांत हवा म्हणून तो उशिरा सुरू होतो, तोवर उष्णता कवचात जाते. झाकण मिटलं म्हणजे बंद झालं हेही आता खरं नाही. नव्या विंडोजच्या झोपेत यंत्र अधूनमधून जागं होतं, आणि सॅकमध्ये जागं झालं तर त्याला हवाच नसते. काकांकडे येणाऱ्या 'बॅगेतून काढला तर हात लावता येईना' अशा तक्रारींतल्या बऱ्याच या झोपेच्या असतात. त्यांचं सांगणं साधं: बॅगेत घालण्याआधी पूर्ण बंद करा. लोक मान डोलावतात आणि झाकण मिटून निघतात. निळे दिवे लावलेले कूलिंग पॅडही ते विकतात, पण आधी लॅपटॉप उलटा करून झरोके कुठे आहेत ते पाहतात. पॅडचा पंखा झरोक्यासमोर येत नसेल तर तो नुसता प्लास्टिकवर वारा घालतो, आणि गिऱ्हाईक दिव्यांवर खूश असतं.

विदर्भातल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांची एक खास युक्ती आहे. पुण्यात शिकणारी मुलं सुट्टीला गावी जाण्याआधी साफसफाईला लॅपटॉप आणतात. काका विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणतात. एका टक्क्याने काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण बऱ्याच यंत्रांत ९९ वर आणलं की चिपचा जादा वेग, ज्याला टर्बो म्हणतात, तो पूर्ण बंद होतो आणि तळ हाताला कळेल इतका निवतो. टायपिंगला, अभ्यासाला, सिनेमाला काही फरक पडत नाही. गेम मात्र अडखळतो.

"जूनमध्ये परत येतात तेव्हा आधी तेच सेटिंग उघडून बघतो," काका म्हणाले. "दहातल्या आठांनी पुन्हा शंभर केलेलं असतं."