उशाशी एक, पायाशी एक

घराचे काम प्लास्टरपर्यंत आले की वायरमन विचारतो, ‘निजायच्या खोलीत पॉइंट कुठे कुठे काढू?’ आणि आपण सांगतो, ‘मधे पंखा, समोरच्या भिंतीवर ट्यूब, दाराशी बोर्ड.’ झाले. फरशीचा रंग ठरवायला चार दुकाने पालथी घालणारी माणसे उजेडाचा निकाल असा दोन मिनिटांत लावतात. मग पुढची वीस वर्षे त्या खोलीत एक तर लख्ख उजेड असतो, नाहीतर मिट्ट काळोख. मधले काही नाही.

माझे म्हणणे एवढेच, की निजायच्या खोलीसाठी दिवे निवडताना आधी दिव्यांकडे पाहू नये, माणसांकडे पाहावे. आमच्याच घरचे सांगतो. मला अंथरुणावर चार पाने वाचल्याशिवाय झोप येत नाही. बायकोच्या डोळ्यांवर उजेड आला की तिला झोप लागत नाही. अम्मीचे वय ऐंशीच्या पुढे. ती रात्रीतून दोन-तीनदा उठते. रमजानमध्ये सहरीसाठी घर पहाटे जागे होते, पण लहान मुलांची झोप मोडायची नसते. एका ट्यूबने हे सगळे कसे जमावे?

आमच्या लहानपणी कंदील होता. दिवेलागणीला त्याची काच राखेने पुसायची आणि निजताना वात खाली करून तो कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचा. गरिबीचे कौतुक मी सांगत नाही. त्या धुराने कितीजणांचे डोळे चुरचुरले असतील. पण निजण्याच्या वेळचा तो उजेड पिवळा, मंद आणि डोळ्यांच्या पातळीखालचा होता. वीज आली तसा दिवा वर चढला, ट्यूब आली तसा तो पांढरा झाला.

पिवळ्या-पांढऱ्याचा हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी प्रकाश टिपतात, असे डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिले. बाहेर दिवस आहे की रात्र, ही खबर त्या शरीरातल्या घड्याळाला देतात आणि निळसर प्रकाश त्यांना अधिक जाणवतो. रात्री दहा वाजता डोक्यावर पांढरी ट्यूब जळत असेल, तर झोप आणणारे मेलाटोनिन पाझरायला उशीर होतो.

म्हणून एलईडी दिवा घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचावा. 2700 किंवा 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आकडा वाढला की उजेड ‘थंड’ होतो, हे थोडे उलटे वाटते, पण लक्षात ठेवले की दुकानदाराशी वाद होत नाही. दुसरा आकडा ल्युमेनचा. जुना 60 वॉटचा बल्ब साधारण सातशे-आठशे ल्युमेन उजेड देई. आजचा 9 वॉटचा एलईडी तेवढा किंवा थोडा जास्तच देतो. दहा बाय बाराच्या खोलीत वावरायला दीड हजार ल्युमेनच्या आसपास पुरे, आणि तेही दोन ठिकाणांहून, दोन वेगळ्या बटणांवर असावे. म्हणजे निजण्याआधी एक दिवा मालवता येतो. मंद-तेज करणारे बटण हवे असेल तर दिव्यावर तशी सोय असल्याचे लिहिलेले पाहून घ्यावे. साधा एलईडी त्या बटणावर लावला की लुकलुकतो. छतात दिवे बसवणार असाल, तर पंख्याच्या पात्यांच्या वर येतील असे बसवू नका. पंखा सुरू झाला की भिंतींवर सावल्यांचा थयथयाट सुरू होतो, आणि तापल्या डोक्याने पडलेल्या माणसाला तो सोसवत नाही.

आता उशाचा दिवा. वाचणाऱ्याच्या बाजूला, भिंतीवर, मान वळवता येईल असा आणि ज्याचे बटण पडल्यापडल्या हाताला लागेल असा. त्याची उंची पुस्तकात शोधू नका. उशीला टेकून हातात पुस्तक धरून बसा आणि दुसऱ्याला भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा. उजेड पानावर पडला पाहिजे. तुमच्या डोळ्यांत नाही आणि शेजारच्याच्या तर मुळीच नाही. दिवा निम्म्या अंतरावर आणला की पानावरचा उजेड चौपट होतो, त्यामुळे तीन-चार वॉट इथे भागतात. त्याच खोलीत मुलांचे टेबल असेल, तर लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने उजेड यावा. मला एकाने विचारले होते, उर्दू उजवीकडून लिहितात, मग दिवाही उलट बाजूला ठेवायचा का? नाही. लिपी कोणती हे पाहायचे नाही, हात कोणता हे पाहायचे. आरशाचा दिवा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, वर नको. कपाटापुढे चांगला उजेड. एवढे पुरे.

पायाशी असलेल्या दिव्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हातारी माणसे कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत, अंधारात भिंत चाचपत जातात. घरोघर खुब्याची हाडे मोडतात ती अशाच चार पावलांत. झीरोचा बल्ब लावला तर तो वर असतो, पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत येतो, आणि चपला मात्र दिसत नाहीत. शिवाय नाव झीरोचे असले तरी जुन्या पद्धतीचा तो बल्ब बारा-पंधरा वॉट खातो. त्याऐवजी जमिनीपासून फूटभर उंचीवर अर्ध्या-एक वॉटचा पिवळसर दिवा, खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, फरशीकडे तोंड करून. खाटेवरून तो दिसू नये, फरशी दिसावी. चाहूल लागली की आपोआप लागणारेही मिळतात.

आणि न्हाणीघराचाही विचार याच हिशेबात करायचा. अंधाराला सरावलेले डोळे तिथल्या पांढऱ्याशुभ्र दिव्याने क्षणात दिपतात आणि पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात. म्हणजे जाताना नव्हे, परतताना माणूस आंधळा असतो. तिथेही रात्रीसाठी वेगळा, छोटा, पिवळा दिवा ठेवावा.

खोलीच्या मोठ्या दिव्याला जिन्यात असते तशी दोन बटणांची जोडणी करून घ्यावी, एक दाराशी, एक उशाशी. हे भिंती उघड्या आहेत तोवरच वायरमनला सांगायचे. नंतर भिंत फोडावी लागते. खाट कुठे येणार, हे त्याला फरशीवर खडूने आखून दाखवा, तोंडी सांगू नका. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीला हात न लावताही काम होते. खाटेला चिमट्याने अडकणारा दिवा घ्या आणि खालच्या सॉकेटमध्ये थेट खोचायचा एक रात्रदिवा. घर बदलले की दोन्ही पिशवीत घालून नेता येतात.